व्हर्सायमधला मुराकामी: ग्रुपवरची चर्चा

मीनल, बी-४०२: परवा ग्रुपवर आलेल्या फोटोत फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या आरसेमहालात फुलांचा रंगीबेरंगी गोळा दिसतोय. एवढं धूड आत नेलं कसं? फरशीला काही झालं नाही?

सुहासकाका, ए-७०१: कार्टूनसारखी कामं करणारा जपानी कलाकार ताकाशी मुराकामी, त्याचं ‘फ्लॉवर मतांगो’. तिथे त्याचं प्रदर्शन होतं, १४ सप्टेंबर ते १२ डिसेंबर २०१०. १५ दालनं आणि बाग मिळून २२ कामं होती, त्यातली ११ खास तिथल्यासाठी केलेली. हा गोळा तीन मीटरहून थोडा उंच. फायबरग्लास, आत धातूचा सांगाडा. अशी कामं सुट्या भागांत आणून जागेवर बोल्टने जोडतात.

अनघाताई, सी-३०३: आणि जोडच नडतो. मंडळांच्या फायबरच्या मूर्तींना कधी बारीक रेघ पडते ना, तसंच. सांगाडा जरा हलला की रंग नेमका जोडावर तडकतो. पुट्टी पुरती सुकायच्या आत घासली, तर ती मागाहून आकसते आणि चकचकीत रंगाखालून जोड उमटतो. म्हणून जोड दोन रंगांच्या सीमेवर घ्यावा.

सुहासकाका, ए-७०१: मीनल, फरशीचं गणित सोपं आहे. दालनं पहिल्या मजल्यावर, जमीन लाकडी. समजा काम २ टनांचं. पाव चौरस मीटरवर टेकलं तर भार चौरस मीटरला ८ टन, ४ चौरस मीटरच्या चौथऱ्यावर पसरला तर ५०० किलो. चौथऱ्याखाली फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, हवंच. मधे खडा अडकला की लाकडावर ओरखडा कायमचा.

मीनल, बी-४०२: आणि उंच काम भिंतीला बांधायचं?

सुहासकाका, ए-७०१: छे, तिथे भिंतीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. हर्क्युलीस दालनातला ‘तोंगारी-कुन’ हा पुतळा सुमारे ७ मीटरचा, वर चित्रकार लमोआनने १७३६ मध्ये रंगवून पुरं केलेलं छत. अशा वेळी वजन तळाशी ठेवून काम स्वतःच्याच पायावर उभं राहील असं करावं लागतं.

रेखा, बी-१०१: पण राजवाड्यात कार्टून कशाला? त्याविरुद्ध सह्यांची मोहीमही झाली होती ना?

अनघाताई, सी-३०३: झाली, निदर्शनंही झाली. तरी प्रदर्शन ठरल्या तारखेपर्यंत चाललं. मुराकामीची नग्न शिल्पंही आहेत, पण ती तिथे नव्हतीच. आणि रेखाताई, मुराकामी पारंपरिक जपानी चित्रकलेतला, निहोंगातला डॉक्टरेट आहे. सोन्याचा वर्ख त्या परंपरेतलाच. बागेतला ‘ओव्हल बुद्ध’ पाहा: साडेपाच मीटरहून उंच, ब्राँझवर सोन्याचा वर्ख, पुढे ध्यानस्थ चेहरा, मागे दात विचकलेलं तोंड. भोवती हौदांच्या काठी फ्रान्सच्या नद्यांच्या ब्राँझच्या मूर्ती. माझ्या मते सगळ्यात जमलेली जागा हीच.

मीनल, बी-४०२: वर्ख पावसात टिकतो?

अनघाताई, सी-३०३: सोनं गंजत नाही, खालचं ब्राँझ गंजतं. वर्खात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पाणी शिरून हिरवा डाग फुटतो. म्हणून आधी ब्राँझवर अस्तराचा रंग, मग चिकटवण, मग वर्ख. धूळ मऊ कुंचल्यानेच झाडायची. कापडाने पुसलं की वर्ख निघालाच.