मदत हवी आहे: 'ड्रॅक्युला' + 'फ्रँकेन्स्टाईन' जोडखेळाच्या जाहिरातीचं साल कसं ठरवायचं?

धागाकर्ता
अमेरिकन वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, वहीत वरच्या कडेने डकवलेलं. दोन कॉलम रुंद, पाच इंच उंच. एकाच तिकिटात दोन्ही चित्रपट. वर्तमानपत्राचं नाव नाही, साल नाही, फक्त 'शुक्रवार, २८ ऑक्टोबर'. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'दोन्ही पाहिले, रात्री ११'. चित्रपट १९३१ चे, मग कात्रण १९३२ चं धरू का?
दुसरं, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीच्या गालावर लाटांसारखी जाळी उमटते आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे येतात.

प्रतिसाद १
१९३२ एवढ्यात धरू नका. २८ ऑक्टोबरला शुक्रवार १९३२, १९३८, १९४९, १९५५, १९६० आणि १९६६ या सगळ्या वर्षी येतो. ऑगस्ट १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेजिना थिएटरने हे दोन्ही चित्रपट 'सन ऑफ काँग'सोबत लावले. गर्दी पाहून हे चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओने ही जोडी देशभर पुन्हा वितरित केली. त्यामुळे माझा पहिला कौल १९३८ ला.
पण तळाची बारीक ओळ भिंगाने वाचा. तिथे 'रियलार्ट' असेल तर १९३८ बाद, कारण त्या कंपनीने युनिव्हर्सलचे जुने चित्रपट १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा आणले.
पेन्सिलीच्या नोंदीवरून साल काढू नका. ही जोडी थिएटरात एकापेक्षा जास्त वेळा आली. १९५७ पासून 'शॉक' या संचातून दोन्ही चित्रपट टीव्हीवरही गेले, त्यामुळे लोकांच्या आठवणीत वेगवेगळ्या वेळचं पाहणं सहज एकत्र होतं.

प्रतिसाद २
कात्रण उलटून बघा, साल बहुतेक वेळा मागेच सापडतं. टीव्हीचं वेळापत्रक असेल तर युद्धानंतरचं. पाच अंकी झिप कोड (अमेरिकन पिन कोड) असेल तर १९६३ किंवा नंतरचं. म्हणूनच कडा कापून 'नीट' करू नका. मागची अर्धी ओळसुद्धा पुरावा असते.
मापही घ्या. जाहिरातीची उंची अ‍ॅगेट ओळींत मोजत, एका इंचात १४ ओळी, म्हणजे तुमची जाहिरात २ कॉलम × ७० ओळींची. प्रेसबुकमध्ये, म्हणजे स्टुडिओ थिएटरांना पाठवत असे त्या प्रचारपुस्तिकेत, तयार जाहिराती याच मापाने दिलेल्या असतात, तिथे चित्र जुळवता येतं. मात्र छापील माप किंचित कमी भरेल. कागदी मॅट, म्हणजे छपाईचा ठसा ओतायचा कागदी साचा, वाळताना आकसते आणि तिच्यावरून ओतलेला ठसाही तेवढाच लहान येतो. तेवढ्यावरून नक्कल म्हणू नका.

प्रतिसाद ३
जाळीचं कारण: वर्तमानपत्री छायाचित्रात इंचाला ठिपक्यांच्या साधारण ६५ ते ८५ ओळी असतात. ३०० ला एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेल येतात आणि ठिपक्यांची आणि पिक्सेलची अशा दोन जाळ्या एकमेकींत अडकतात. ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ ठेवा आणि स्कॅनरचं ऑटो शार्पन बंद करा. आधी हलका ब्लर, मग आकार निम्मा, शार्पन सगळ्यात शेवटी. क्रम उलटला तर ठिपके आणखी टोकदार होतात.
मागची अक्षरं दाबायला कात्रणामागे काळा कागद ठेवा. पांढरा नको, तो प्रकाश परत फेकतो.
डिंक सुटावा म्हणून भिजवू तर अजिबात नका. न्यूजप्रिंट ओलं झालं की हातात तुटतं. आधी वहीचं अख्खं पान स्कॅन करा. साठवायला पॉलिएस्टरचं पाकीट आणि मागे आम्ल शोषणारा, अल्कली मिसळलेला कागद. पीव्हीसी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. न्यूजप्रिंटच्या लाकडी लगद्यातल्या लिग्निनमुळे तयार होणारं आम्ल लॅमिनेशनमध्ये आतच कोंडतं.

धागाकर्ता
तळाला 'युनिव्हर्सल' आहे, 'रियलार्ट' नाही. मोकळी कड उचलून पाहिली, मागे फक्त रेडिओचे कार्यक्रम.

प्रतिसाद १
मग १९३८ भक्कम झालं. मागच्या रेडिओ केंद्रांच्या नावांवरून शहर काढा आणि त्या शहराच्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म बघा. शुक्रवारी नाही मिळालं तर गुरुवारचा अंक उघडा. खेळाची जाहिरात आदल्या दिवशीही येत असे.