ओकलंड ए'ज शहर सोडून गेले, आता फॅन कुणाचं राहायचं?

फ्रीमाँटकर
मंडळी, इथे बेसबॉल बघणारे किती आहेत कल्पना नाही, तरी विचारतो. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आल्यापासून मी ओकलंड ए'जचा, म्हणजे ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा. ऑफिसातले बहुतेक सॅन फ्रान्सिस्को जायंट्सवाले, त्यांचं खाडीकाठचं पार्क देखणं आहेच, पण मला बार्टनं (लोकल ट्रेननं) कोलिझियम स्टेशनला उतरून पुलावरून चालत ए'जच्या स्टेडियमात, म्हणजे कोलिझियममध्ये जायला आवडायचं, तिकीट परवडायचं आणि राइट फील्डमागची मंडळी मॅचभर ढोल बडवत असायची. स्टेडियम दिसायला छान नव्हतं, १९६६ चं काँक्रीट, त्यात ९० च्या दशकात फुटबॉलवाल्या रेडर्ससाठी सेंटर फील्डमागे एवढा उंच स्टँड उभा केला की मागचे डोंगर दिसायचेच बंद झाले. पण फाउल लाइनबाहेरची जागा तिथे इतकी प्रचंड की इतर पार्कात जो बॉल प्रेक्षकांत पडला असता तो इथे पळत जाऊन पकडायचे आणि बॅटर आउट. ज्याला २-१, ३-२ अशा कमी स्कोअरच्या मॅचेसची गोडी आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं मैदान नव्हतं असं माझं ठाम मत.

टीम जाऊ नये म्हणून लोकांनी काही कमी प्रयत्न केले नाहीत. जून २०२३ मध्ये टीम तळाला असताना ठरवून २७ हजारांवर लोक आले, मालकानं टीम विकावी म्हणून हिरवे टीशर्ट घालून, आणि ए'ज जिंकलेसुद्धा. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच झाली, टेक्सास रेंजर्सला ३-२ नं हरवलं, ४६ हजारांवर पब्लिक, संपल्यावर मॅनेजर मार्क कॉट्सेनं माइक हातात घेऊन सगळ्यांकडून 'लेट्स गो ओकलंड' म्हणवून घेतलं. आता टीम वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात, तिथून २०२८ ला लास व्हेगास, नावात शहरसुद्धा लावत नाहीत, नुसतं अ‍ॅथलेटिक्स.

तर प्रश्न असा की ज्यांची टीम अशी गेली त्यांनी काय केलं? मी अजून रोज स्कोअर बघतो आणि बघितल्यावर राग येतो.

माँट्रियल_मराठी
आमचे एक्स्पोज २००४ नंतर वॉशिंग्टनला गेले, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण इथले जुने लोक २००४ पेक्षा १९९४ चंच बोलतात. त्या वर्षी एक्स्पोज ७४ जिंकले, ४० हरले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात भारी रेकॉर्ड, आणि ऑगस्टमध्ये प्लेयर्सचा संप झाला तो मिटलाच नाही, वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनलच रद्द. पुढच्या सीझनच्या तोंडावर पैसे नाहीत म्हणून लॅरी वॉकर, ग्रिसम वगैरे सगळे गेले. मी आलो तेव्हा ऑलिंपिक स्टेडियम रिकामंच असायचं, पण राइट फील्डला व्लादिमीर ग्वेरेरो होता, कसलाही वाईट बॉल येवो बॅट फिरवणारच आणि मारणारच, २००२ ला ३९ होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले) आणि ४० स्टील (बॅटरनं न मारताच पळून पुढचा बेस चोरणं), एका होमरननं एकाच सीझनचं ४०-४० हुकलं. टीम गेल्यावर तो एंजल्सकडून खेळत होता म्हणून मी एंजल्स बघायला लागलो. आता त्याचा मुलगा टोरांटोकडून खेळतो, त्याचा जन्म माँट्रियलचा, म्हणून ब्लू जेज बघतो. वॉशिंग्टन २०१९ ला वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. माझं ऐकाल तर टीम सोडा, प्लेयर धरा.

कॅन्सस_सिटीवाले_काका
फ्रीमाँटकर, वाईट वाटून घेऊ नका पण ए'ज तुमच्याकडे आमच्या गावातूनच आले. फिलाडेल्फियाहून १९५५ ला इथे, इथून १९६८ ला ओकलंडला, आणि तिथे गेल्यावर ७२, ७३, ७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज. त्या टीममधले बरेच पोरं इथेच तयार झालेले. पण १९६९ ला रॉयल्स आले, ८५ आणि २०१५ ला जिंकले. थांबा जरा, दुसरी टीम येईल.

फ्रीमाँटकर
काका, तुमचं खरं असेलही पण एका वर्षात नवी टीम मिळाली तुम्हाला. ओकलंडमधून बास्केटबॉलचे वॉरियर्स गेले, रेडर्स गेले, आता हे, पाच वर्षांत तीन.

माँट्रियलवाले म्हणतात प्लेयर धरा. माझा प्लेयर रिकी हेंडरसन. ओकलंडमध्ये वाढलेला, ओकलंड टेक शाळेत शिकलेला, चार वेगवेगळ्या वेळा ए'जकडून खेळला. १४०६ स्टील, दुसरा नंबर लू ब्रॉक ९३८. नुसता पळायला फास्ट नव्हता तो, पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) खांदा, पाय, टाच काय करतायत हे वाचायचा, आणि बेसवर आला की पिचरचं अर्धं लक्ष त्याच्याकडे, म्हणजे पुढच्या बॅटरला सोप्पे बॉल. २०१७ ला मैदानालाच त्याचं नाव दिलं होतं. शेवटची मॅच सप्टेंबरात आणि रिकी डिसेंबरात गेला. त्याच्या गावातल्या त्याच्या नावाच्या मैदानावर आता ए'जची मॅच होत नाही, हे मला पटवून घेताच येत नाही.

पुण्याची_सकाळ
दादा, मी कोलिझियम कधीच बघितलं नाही. इकडे सकाळी सातला मॅच लागते, डबे भरता भरता बघते. माझं सगळं २००२ च्या सलग २० विजयांपासून सुरू झालं. विसाव्या मॅचला ११-० पुढे होते, रॉयल्सनी ११-११ केलं (काका सॉरी), मग नवव्या, शेवटच्या इनिंगला हॅटेबर्ग पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला आला आणि होमरन. कमी पैशात, कुणाला नको असलेले प्लेयर घेऊन, कोण बेसवर जास्त पोचतो एवढं बघून उभी केलेली टीम होती ती. माझ्यासाठी टीम म्हणजे ते, शहर कुठलंही असो. मी सोडणार नाही. तुम्ही सोडलंत तर त्यातही चूक नाही, तुमच्या गावाचं गेलंय, माझं नाही.

अलमीडाकर
फ्रीमाँटकर, ओकलंड बॉलर्स ही नवी टीम बघितली का? २०२४ पासून वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कात खेळतात, पायोनियर लीग. लेव्हल ए'ज खेळतात त्या मेजर लीगची नाही हे आधीच सांगतो, पिचिंग पातळ आणि स्कोअर मोठे, तुमच्या ३-२ च्या मॅचेस क्वचितच मिळतील. पण टीममध्ये फॅन्सनी शेअर घेतलेत, आणि कोलिझियमचे कितीतरी लोक तिथे येतात. मॅच टाय झाली तर एक्स्ट्रा इनिंग नाही, होमरन मारायची स्पर्धा लावतात, ते मला अजून आवडलेलं नाही. सीझन मे ते सप्टेंबर. संध्याकाळी खाडीवरचा वारा झोंबतो, जॅकेट न्या, आणि वेस्ट ओकलंड बार्टवरून बरंच चालायला लागतं तर गाडीच काढा.