नवा प्रोसेसर लावला की डिस्प्लेच येत नाही, जुना लावला की सगळं चालतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते: लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका. मशीन २०१७ मध्ये मी स्वतःच जोडलेलं. रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा बोर्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), साटा एसएसडी आणि जुन्या कामांनी भरलेली १ टीबीची हार्डडिस्क. इतक्या वर्षांत कुरकुर म्हणून नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. अख्खं मशीन मोडीत काढण्यापेक्षा त्याच एएम४ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ ५६०० बसवायचं ठरवलं.

सगळं एकाच दिवशी बदललं असेल असं कोणी म्हणायच्या आत क्रम सांगते. आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. बोर्डाच्या साइटवर लिहिलं होतं तसं मधलं व्हर्जन टाकून मग शेवटचं टाकलं, आणि ५६०० त्या व्हर्जनच्या सपोर्ट लिस्टमध्ये आहे. त्यावर जुना प्रोसेसर बरेच दिवस व्यवस्थित चालला. मग भाच्याने त्याचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड दिलं आणि बदल्यात माझं १०५० टीआय नेलं. तेही चाललं. मॉनिटर मात्र जुनाच, व्हीजीए-डीव्हीआयवाला. नव्या कार्डाला फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, म्हणून मध्ये एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय. सुरुवातीचा बोर्डाचा लोगो आता दिसत नाही, थेट विंडोजचं लॉगिन येतं, पण त्याने काम काही अडत नाही. त्यानंतर ८ जीबीची रॅम काढून १६-१६ च्या दोन कांड्या लावल्या, प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. तेही चाललं.

शेवटी प्रोसेसर. मशीन थोडा वेळ चालवून हीटसिंक कोमट होऊ दिला, पेस्ट सैल झाल्यावर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून काढला, म्हणजे प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येत नाही. नवा बसवताना जोर लावावा लागला नाही, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून ठेवला आणि तो आपोआप आत बसला. नवी पेस्ट, हीटसिंक, पंख्याची वायर.

बटण दाबलं की पंखे फिरतात, मॉनिटरवर नो सिग्नल. कार्डाचे पंखे थोडे फिरून थांबतात. मशीन स्वतःहून बंद होत नाही, रीस्टार्ट होत नाही, नुसतं चालू राहतं. बोर्डावर एरर दाखवणारे एलईडी नाहीत, बीप करणारा स्पीकरही नाही. जुना १६०० परत लावला की थेट विंडोज. पुन्हा ५६००, पुन्हा काळोख.

सीएमओएस क्लिअर (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणणं) करून झालं, सेल काढून आणि जंपरनेही. एकच कांडी लावून पाहिली. प्रोसेसरच्या पॉवरचं ८ पिनचं कनेक्शन काढून पुन्हा घट्ट बसवलं. इथल्या एका दुकानात नेलं तर कॅबिनेट न उघडताच "बोर्ड गेला, आता डीडीआर५ वर जा" (म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचं नवं मशीन घ्या) असं सांगून तपासणीचे पैसे घेतले. गेलेल्या बोर्डावर जुना प्रोसेसर कसा चालतो, याचं उत्तर मिळालं नाही.

प्रोसेसरच्या रिटर्नची मुदत संपत आली आहे. तो खराब म्हणून परत पाठवू, की अजून काही बघायचं राहिलंय?

प्रतिसाद:
४५० वॅट कमी पडत असणार. नवं कार्ड आणि नवा प्रोसेसर, दोन्ही त्यावर ओढणार नाही. ६५० चा चांगला एसएमपीएस घ्या.

धागाकर्ती:
हे पहिलं मनात आलं होतं. पण १६०० ६५ वॅटचा आणि ५६०० पण ६५ चाच. कार्ड १३२ वॅटचं, ते जुन्या प्रोसेसरबरोबर तासन्‌तास चालतंय. पत्रिकांच्या पीडीएफ बनवताना, व्हिडिओ रेंडर करताना कधी बंद पडलं नाही. त्यामुळे आत्ता तरी त्यावर पैसे घालवत नाही.

प्रतिसाद:
ताई, पिना बघितल्या का? एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ आहेत. एखादी वाकली तरी बसवताना कळेलच असं नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, एका बाजूने रांगा बघत जा, वाकलेली लगेच ओळीबाहेर दिसते. वाकलीच असेल तर ०.७ च्या मेकॅनिकल पेन्सिलचं शिसं काढून पोकळ टोक पिनेवर बसवायचं आणि अगदी हळू सरळ करायचं. मी एक अशीच वाचवली आहे. दुसरी तुटली, ते जाऊ द्या.

धागाकर्ती:
आत्ताच बघितल्या, चारही बाजूंनी. रांगा सरळ आहेत. फोटो काढून मोठा करूनही पाहिला.

प्रतिसाद:
थांबा, प्रोसेसर परत पाठवू नका. तुम्ही वर जाता जाता लिहिलंय की कन्व्हर्टर लावल्यापासून लोगो दिसत नाही, थेट विंडोज येतं. सगळी गोम तिथे आहे असं मला वाटतं.

असे स्वस्त कन्व्हर्टर कधीकधी विंडोजचा ड्रायव्हर चढेपर्यंत चित्रच देत नाहीत. म्हणजे विंडोजच्या आधी बोर्ड स्क्रीनवर जे काही लिहितो ते तुम्हाला दिसतच नाही. जुन्या प्रोसेसरला विचारायचं काही नसतं, तो सरळ पुढे जातो, म्हणून तुम्हाला फरक जाणवला नाही. नव्याचं वेगळं आहे. विंडोज ११ आल्यापासून बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम, सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आपोआप चालू असतो. त्याच्या नोंदी जुन्या प्रोसेसरशी बांधलेल्या असतात. प्रोसेसर बदलला की बोर्ड काळ्या स्क्रीनवर विचारतो: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रीसेट करायचा असेल तर वाय दाबा, जुनी नोंद ठेवायची असेल तर एन. आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राहतो. मशीन बंद पडत नाही, रीस्टार्ट होत नाही, नुसतं चालू राहतं हे तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. सीएमओएस क्लिअर करूनही तो प्रश्न जात नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. वायरलेस असेल तर बाजूला ठेवा, तारेचा कीबोर्ड मागच्या यूएसबीला लावा. नो सिग्नल आलं की नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद झाला तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम जिवंत आहेत आणि फक्त चित्र दिसत नाहीये.

मात्र अंधारात वाय दाबू नका. आधी जुना प्रोसेसर लावून विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर वाय दाबल्यावर ड्राइव्ह उघडणार नाही. आणि घरात एचडीएमआयचा टीव्ही असेलच, मशीन त्याला जोडून प्रश्न डोळ्यांनी वाचा.

धागाकर्ती:
नम लॉकचा दिवा लागतो! बंदही होतो!! बिटलॉकर बंदच आहे, तेही बघून घेतलं. टीव्ही हॉलमध्ये भिंतीवर आहे आणि आत्ता आईची मालिका चालू आहे, त्यामुळे पुढचा प्रयोग साडेनऊनंतर.

धागाकर्ती:
आलं! कॅबिनेट उचलून हॉलमध्ये नेलं, टीव्हीच्या मागून एचडीएमआय ओढली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरांत तुम्ही म्हणता तोच मजकूर. नवा प्रोसेसर, वाय किंवा एन. आईने विचारलं, "बिघडवलास का टीव्ही?" वाय दाबलं, मशीन रीस्टार्ट झालं, इतक्या दिवसांनी बोर्डाचा लोगो दिसला आणि पुढे विंडोज. टास्क मॅनेजरमध्ये रायझन ५ ५६०० लिहिलेलं आहे.

एक गंमत झाली. लॉगिनला पिन चालेना, पिन उपलब्ध नाही असं म्हणत होतं. अकाउंटचा पासवर्ड टाकून आत गेले आणि पिन नव्याने ठेवला.

प्रतिसाद:
ते होणारच. पिन टीपीएममध्ये ठेवलेला असतो, टीपीएम रीसेट केला की तोही जातो. आता तो कन्व्हर्टर काढून टाका. तुमच्या मॉनिटरला डीव्हीआय आहे ना? साधी एचडीएमआय-टू-डीव्हीआय केबल आणा. दोन्हींचा डिजिटल सिग्नल सारखाच असतो, मध्ये रूपांतर करणारी चिप लागत नाही. लोगो, बायोस, सगळं दिसेल.

आणि विंडोज ११ कडे जायच्या आधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग) बंद करावं लागेल. २०१७ ला विंडोज जुन्या पद्धतीने टाकलं असेल तर डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी; नवी ती जीपीटी) असेल, आणि मग सीएसएम बंद केल्याबरोबर विंडोज बूटच होणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडून आधी तेवढं बघा. एमबीआर निघाली तर विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, त्याने डेटा न पुसता बदलता येते. तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

धागाकर्ती:
केबल आणली, लोगो दिसतोय. डिस्क एमबीआरच होती, बॅकअप घेऊन बदलली, सीएसएम बंद केलं, सगळं सुरळीत. प्रोसेसर अर्थातच परत पाठवत नाही.

आता शेवटचा पार्ट राहिला होता तो आज लावला, एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी (साटापेक्षा वेगवान, थेट बोर्डावर बसणारी). ती दिसतेय, पण १ टीबीची हार्डडिस्क गायब झाली. बायोसमध्येही नाही. पंधरवड्यात द्यायची स्मरणिका त्याच डिस्कवर आहे. केबल बदलून पाहिली, डिस्कच्या फिरण्याचा आवाज येतोय.

प्रतिसाद:
घाबरू नका, डिस्क ठीक आहे. एएम४ मध्ये प्रोसेसरकडून येणाऱ्या चार लेन (डेटाच्या वाटा) एक तर पूर्ण एम.२ ला मिळतात, नाहीतर त्यातल्या दोन साटा पोर्टांना. एनव्हीएमई लावली की बऱ्याच बी३५० बोर्डांवर ते दोन साटा पोर्ट बंद होतात. बहुतेक शेवटचे दोन असतात, मॅन्युअलमध्ये नक्की कोणते ते बघा आणि केबल पहिल्या पोर्टात हलवा.

धागाकर्ती:
पाचव्यात होती. पहिल्यात लावली, दिसली.