विषय: ६८ची जीटीओ पिकअप घेत नाही, कार्बोरेटरमधून फटाके

प्रेषक: मकरंद

मंडळी, नमस्कार.

हा विषय ना गणपतीचा ना वर्गणीचा, तेव्हा सूत्रसंचालकांनी सांभाळून घ्यावं. माझ्याकडे १९६८ची पाँटियाक जीटीओ आहे. ४०० क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्बोरेटर. मागच्या उन्हाळ्यात पिकनिकला मुलं जिच्या बॉनेटवर चढत होती आणि मी ओरडत होतो, तीच ही.

सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. आयडलिंगला थरथरते. सिग्नलवरून निघताना पाय दाबला की आधी दम सोडते, कार्बोरेटरमधून ‘फट्’ होतं आणि मग कशीबशी उठते. गंमत म्हणजे हायवेवर साठच्या पुढे गेली की तक्रार नाही. गॅरेजवाल्याने कॉइल, प्लग, वायरी बदलल्या, कार्बोरेटर खोलून किट टाकलं. बिल हजार डॉलरच्या वर, फरक शून्य. आता म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, गाडी न्यायचीच आहे. कोणी जाणकार आहे का?

प्रेषक: नितीन

मकरंद, पेट्रोल बघ आधी. हल्ली पंपावर मिळतं त्यात दहा टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी होज त्याने आतून फुगतात, मऊ पडतात आणि पेट्रोल अडतं. शिवाय ते लवकर उकळतं. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं की कार्बोरेटर कोरडा किंवा पेट्रोलने तुडुंब भरलेला, दोन्हीपैकी काहीही. माझ्या ७०च्या ओल्ड्समोबिल कट्लसला हेच होत होतं. होज बदलले, कार्बोरेटरखाली जाड गॅस्केट टाकलं, सुटला प्रश्न.

प्रेषक: शर्मिला

नितीन, पण त्याची गाडी थंड असतानाच रडते आहे. गरम झाल्यावरचा रोग वेगळा.

मकरंद, वायरी नव्या टाकल्यात म्हणतोस, त्या कशा बांधल्यात ते बघ. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात शेजारी-शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात. या दोन वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या की पाचचा स्पार्क सातमध्येही झिरपतो, सात भलत्या वेळी पेटतो आणि फटाका वाजतो. दोघींच्या मध्ये बोटभर जागा ठेव, नाहीतर एकमेकींवरून काटकोनात ने. फुकटातलं काम आहे.

प्रेषक: जयश्रीताई

उकडीच्या मोदकांचे साचे कोणाकडे आहेत? मागच्या वर्षी माझ्याकडून नेलेले दोन परत आलेले नाहीत.

प्रेषक: अण्णा

जयश्रीताई, कृपया नवा विषय टाकून लिहा, इथे साचे इंजिनात हरवतील.

मकरंद, आणखी काहीही विकत घेऊ नकोस. तुझ्या गाडीला आत्तापर्यंत औषधंच पाजली आहेत, नाडी कोणी बघितलेली नाही. सांगलीला वडिलांचं गॅरेज होतं. फियाट, अँबेसेडर, जीप यायच्या. काडेपेटीची गुलाची बाजू पॉइंटवर घासून गाडी चालू करून देणारे खूप होते. ती पुन्हा का बंद पडली ते शोधणारे थोडे. इथे आलो तर इंजिन प्लांटमध्येही तोच अनुभव. असो.

व्हॅक्यूम गेज आण. थेट मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम मिळतो तिथे लाव. कार्बोरेटरच्या थ्रॉटलवरच्या पोर्टला लावलंस तर आयडलिंगला काटा जवळपास शून्य दाखवेल आणि तू घाबरशील. आपल्याकडे मिशिगनमध्ये उंची फार नाही, धडधाकट इंजिन १८ ते २० इंच दाखवतं. काटा ठरावीक ठेक्यात खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. संथपणे वर-खाली झुलत असेल तर मिक्स्चर. स्थिर पण खाली असेल तर कुठून तरी हवा घेते आहे किंवा काहीतरी उशिरा होतं आहे.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते. इंजिन गरम, आठही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली. प्रत्येकाला सारखेच चार-पाच फेरे. आकडे ओळीने पाठव: ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७, पलीकडे २, ४, ६, ८. जिथे आकडा कमी येईल तिथे चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घे. रिंगा गेल्या असतील तर ऑइलने आकडा चढतो.

शर्मिलाने सांगितलेलं पाच-सातचं आजच कर.

प्रेषक: मकरंद

अण्णा, शनिवार सगळा यातच गेला. वायरी वेगळ्या केल्या, फटाका आहे तसाच.

व्हॅक्यूम १४, काटा एका जागी चिकटल्यासारखा. मॅनिफोल्डच्या कडेने आणि कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला, आयडलिंग जराही बदललं नाही.

कॉम्प्रेशन: १२२, १२०, ११८, १२१. पलीकडे १२०, १२३, ११९, १२०. पाच नंबरला आणि सहा नंबरला ऑइल टाकून पाहिलं, दोन-चार पीएसआयने वाढलं, बस.

टायमिंग लाइट लावून स्पार्क कधी पडतो ते पाहिलं. पुस्तकात आयडलिंगला ९ अंश आहे, तेवढंच आलं. फक्त खूण एका जागी थांबत नाही, दोन-तीन अंश इकडेतिकडे नाचते.

प्रेषक: नितीन

१२० फारच कमी आहे रे. ६८च्या ३५० हॉर्सपॉवरवाल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर १०.७५ होतं, दीडशेच्या पुढे यायला हवं. गॅरेजवाला बरोबर म्हणतोय असं दिसतंय. रिंगा.

प्रेषक: अण्णा

नितीन, रिंगा अशा शिस्तीत जात नाहीत. आठ सिलिंडरांत पाच पीएसआयचा फरक! पन्नास वर्षांनी झिजलेल्या इंजिनात एक ९०, एक १४०, मधले कुठेतरी, असं चित्र दिसतं. शिवाय ऑइल टाकूनही आकडा चढला नाही. आठही जण सारखेच कमी दाखवत असतील तर आठांना सामायिक असलेल्या गोष्टीकडे बघायचं. ती एकच आहे: व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, आणि त्याला फिरवणारी चेन.

चेन ढिली झाली की कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, मागे पडतो. इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर होतो आणि पिस्टन वर येताना आत घेतलेलं मिक्स्चर परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. आत उरतं ते कमी, म्हणून कॉम्प्रेशन कमी, व्हॅक्यूम कमी, सिग्नलवर दम नाही. वेग वाढला की मिक्स्चर आपल्याच झोताने आत घुसतं, मग उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तितका नडत नाही. साठच्या पुढे तुझी तक्रार का नाही, ते यातून समजेल.

आता गॅरेजवाल्याचं टायमिंग बरोबर कसं आलं? प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो, म्हणजे कॅम मागे पडला की स्पार्कही मागे. त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क ९ अंशांवर आणला. दिव्यात सगळं ठीक दिसलं. पण डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क पुढे आणता येतो, व्हॉल्व्ह नाही.

हे अजून अनुमान आहे. चेनचं कव्हर उघडण्याआधी तीन गोष्टी.

ड्वेल मीटर लाव; डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते तो दाखवतो. ३० अंशांवर स्थिर असेल तर डिस्ट्रिब्युटरची बुश चांगली आहे आणि नाचणारी खूण चेनची आहे. ड्वेलही नाचत असेल तर दोष डिस्ट्रिब्युटरचा.

दुसरं, क्रँकच्या पुढच्या टोकाच्या बॅलन्सरवर (टायमिंगची खूण असलेल्या चाकावर) विश्वास ठेवू नकोस. मधला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं; ते सुटलं की रिंग सरकते आणि शून्याची खूण खोटी होते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून हाताने दोन्हीकडून टेकेपर्यंत फिरव, दोन खुणा कर. मध्यबिंदू शून्यावर यायला हवा.

तिसरी खरी परीक्षा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढ, प्लग बाहेरच ठेव. बॅलन्सरच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून क्रँक घड्याळाच्या दिशेने थोडा फिरव, थांब, बॅलन्सरवर खडूने खूण कर. मग हळूहळू उलटा फिरव आणि कोणाला तरी रोटरवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या तुकड्यावर) डोळा ठेवायला सांग. रोटर हलला त्या क्षणी थांब, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर बॅलन्सरच्या कडेवर टेपने मोज. परीघ भागिले ३६० म्हणजे एक अंश. पाच-सहा अंश चालून जातं. दहाच्या पुढे कव्हर उघडायचं.

प्रेषक: मकरंद

ड्वेल ३०, काटा हलत नाही. बॅलन्सरचा शून्य बरोबर आहे.

रोटरसाठी मुलीला उभं केलं होतं. मी क्रँक उलटा फिरवतोय, फिरवतोय, आणि ती फोनमधून मान वर न करता ‘नाही, नाही, अजून नाही’. मला वाटलं हिचं लक्षच नाही. परत केलं, मोबाइल काढून घेऊन. आकडा तोच आला. १३ अंश.

प्रेषक: शर्मिला

कव्हर उघड. आणि संपही, इंजिनाखालचं ऑइलचं भांडं.

प्रेषक: अण्णा

शर्मिला बरोबर सांगते आहे, आणि तिला का ते ठाऊक आहे. त्या काळी डेट्रॉइटच्या बऱ्याच इंजिनांत आवाज कमी व्हावा म्हणून कॅमचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ॲल्युमिनियमचं आणि त्याचे दात नायलॉनने मढवलेले असत. नवीन असताना खरंच गुपचूप चालतं. उष्णता आणि वय यांनी नायलॉन ठिसूळ होतं, तुकडे पडतात, ते संपमध्ये जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. नुसती चेन बदलून कव्हर लावलं तर पुढच्या महिन्यात ऑइल प्रेशर गेलं म्हणून पुन्हा लिहिशील. या गाडीचा संप इंजिन थोडं उचलल्याशिवाय निघत नाही, कंटाळवाणं काम आहे, तरी कर. ही चेन एखाद्या दिवशी दात चुकवून उडी मारेल आणि गाडी असेल तिथे बंद पडेल. ते वुडवर्डच्या मधल्या लेनमध्ये झालं तर मागच्या शेवी (शेव्हरोले) आणि मोपारवाल्यांसमोर (क्रायस्लरवाल्यांसमोर) फार शोभा होईल.

पेट्रोलचा पंप पुढच्या कव्हरवरच आहे आणि कॅमच्या टोकाच्या एक्सेंट्रिकवर चालतो. तो आधी काढ. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, पाण्याच्या वाटेवर ते खातं. खड्डे दिसले तर नवीनच घे.

प्रेषक: मकरंद

उघडलं. सोबत फोटो. स्प्रॉकेटच्या साधारण चौथ्या भागावर नायलॉन उरलेलंच नाही, चेन उघड्या ॲल्युमिनियमवर चालत होती. संपमध्ये पिवळट-तपकिरी तुकडे, काही नखाएवढे. पंपाच्या जाळीचा जवळजवळ अर्धा भाग बुजलेला. रिंगा बघायला इंजिन उतरवणारे हे तुकडे झाडून टाकून मला रिंगांचंच बिल देणार होते बहुतेक.

लोखंडी स्प्रॉकेट आणि दुहेरी रोलर चेन मागवली आहे, ऑइल पंपही नवा. दोन्ही स्प्रॉकेटवरची टिंबं समोरासमोर आणून लावायचं ना?

प्रेषक: अण्णा

हो, खालचं टिंब वर, वरचं खाली, दोन्ही समोरासमोर. पण लक्षात ठेव, त्या स्थितीत कॉम्प्रेशनला सहा नंबर वर असतो, एक नंबर नाही. इथे भलेभले डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसवतात. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरव आणि मग रोटर एक नंबरकडे ठेवून डिस्ट्रिब्युटर टाक. सुरू झाल्यावर टायमिंग नव्याने लाव, जुन्या जागेवर ठेवलंस तर स्पार्क फार लवकर होईल आणि ९३ ऑक्टेनवरही खडखडेल.

प्रेषक: नितीन

ऑइल कुठलं टाकणार? हल्लीच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त कमी असतं, सपाट टॅपेटवाला कॅम झिजतो.

प्रेषक: मकरंद

काल रात्री सुरू केली. पहिल्या किल्लीत. व्हॅक्यूम १९, कॉम्प्रेशन १५५ ते १६०, खूण ९ वर गोठलेली. सिग्नलवरून निघताना मागची चाकं किंचाळली. बायको शेजारी बसली होती, तिने हे लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे.

प्रेषक: अण्णा

नितीन म्हणतो तसं जस्तवालं, जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल टाक. शंभर मैलांवर ऑइल काढ, फिल्टर कापून घडी उलगडून बघ. नायलॉनचा एखादा कण सापडेलच, दोन-चार सापडले तरी घाबरू नकोस, मूठभर सापडले तर मला फोन कर. नितीनने सांगितलेले होजही बदल, ते वेगळं दुखणं आहे पण आहेच. गॅरेजवाल्याने काढलेली जुनी कॉइल टाकून देऊ नकोस, चांगली असणार. डिकीत ठेव.