पॅरामीटर ‘पारित’ करायचा की ‘द्यायचा’?

प्रश्न
आमच्याकडे सर्व्हर उभे करण्याचं काम पपेटवर (सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनावर) चालतं. नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आणि दुसऱ्याच वाक्यावर गाडी अडली. मी लिहिलं होतं, ‘मॉड्यूलला प्राचले पारित करा.’ (मॉड्यूल म्हणजे एखाद्या कामाचा तयार कोड.) शेजारचा सहकारी म्हणाला, “ठराव आहे का तो, पारित करायला?” पॅरामीटरला प्राचल म्हणावं का? आर्ग्युमेंटला काय म्हणावं? (यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं, तर ‘युक्तिवाद’ आलं.) आणि ‘पास करणे’ला क्रियापद कोणतं?

प्रतिसाद
प्राचल शब्द चांगला आहे, पण तो संख्याशास्त्राच्या तासाला शोभतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बसलेला असताना ‘प्राचल तपास रे’ असं कुणी म्हणणार नाही. पॅरामीटरच लिहा. फक्त ‘पॅरामीटर्स’ नको. चार डॉक्टर, चार पॅरामीटर.

प्रतिसाद
माझ्या मते घोळ नामाचा नाही, क्रियापदाचा आहे. ‘पास करणे’ म्हटलं की हातातली वस्तू पुढच्याच्या हातात गेली असं चित्र उभं राहतं. पपेटमध्ये पुष्कळदा तसं होतच नाही.

शिंप्याचं उदाहरण घ्या. त्याच्या कागदावर छाती, कंबर, बाही असे रकाने असतात, ते पॅरामीटर. तुम्ही सांगितलेले 38, 32, 24 हे आकडे म्हणजे आर्ग्युमेंट. पहिलं आहे रिकामी जागा, दुसरं त्या जागेत भरलेली किंमत. आता कपडे शिवायला टाकायचे दोन प्रकार. एकात तुम्ही दुकानात उभं राहून मापं सांगता. पपेटमध्ये क्लास (मॉड्यूलमधला, नाव दिलेला कोडचा गठ्ठा) महिरपी कंसात जाहीर करून, बाणापुढे किंमत लिहितात तो हा प्रकार. दुसऱ्यात नुसतं ‘एक सदरा शिवा’ म्हणता आणि शिंपी वहीत तुमच्या नावाचं पान काढतो. हे झालं इन्क्लूड, म्हणजे क्लासला नुसत्या नावाने बोलावणं, आणि वही म्हणजे हायरा, पपेटची किमती नोंदवून ठेवायची जागा. एनटीपी (सर्व्हरचं घड्याळ जुळवणाऱ्या) मॉड्यूलला वेळ कुठल्या सर्व्हरकडून घ्यायची हे कुणी ‘पाठवत’ नाही. पपेट स्वतःच ‘एनटीपी::सर्व्हर्स’ या नावाची नोंद हुडकतो. तोंडी सांगितलेलं माप असेल तर ते, नाहीतर वहीतलं, तेही नसेल तर मॉड्यूल लिहिणाऱ्याने आधीच घातलेलं, असा क्रम. हे आपोआप शोधणं पपेट 3 पासून, म्हणजे 2012 पासूनचं. क्लासला पॅरामीटरच मुळी 2010 च्या 2.6 आवृत्तीत आले. त्याआधी किंमत वर कुठेतरी चलात ठेवायची आणि क्लासच्या ती कानावर पडेल अशी आशा करायची.

तोंडी माप सांगण्यात एक गोम आहे. इन्क्लूड दहा ठिकाणी लिहिलं तरी चालतं, पण तोच क्लास किमतींसकट दोनदा जाहीर केला की पपेट ‘डुप्लिकेट डिक्लरेशन’ म्हणून अंगावर येतो. म्हणून मी दोन क्रियापदं ठेवतो: कंसात लिहिलं तर ‘किंमत देणे’, हायरात लिहिलं तर ‘नोंदवणे’. ‘पाठवणे’ कुठेच नाही.

युक्तिवादाचं म्हणाल, तर जुन्या खगोलशास्त्रीय कोष्टकांत ज्या आकड्यावरून उत्तराच्या ओळीपर्यंत जायचं त्याला आर्ग्युमेंट म्हणत. भांडणाशी त्याचं नातं नाही.

प्रतिसाद
रकाना आणि आकडा हा भेद मराठीत कसोशीने पाळाल, पण इंग्रजीत तो आहे कुठे? मी अन्सिबलवाला, म्हणजे पपेटसारखंच दुसरं साधन वापरणारा. तिथे मॉड्यूलचं दस्तऐवजीकरण लिहिताना ज्याला ‘ऑप्शन्स’ म्हणतात, तेच पायथन कोडमध्ये ‘आर्ग्युमेंट स्पेक’मध्ये जाहीर होतं, कोड त्याची किंमत ‘पॅराम्स’मधून वाचतो आणि वाचकाला दिसणाऱ्या पानावर मथळा येतो ‘पॅरामीटर्स’. एकाच गोष्टीची चार नावं! शेफ आणि सॉल्ट ही त्याच जातीची साधनं; शेफमध्ये त्याच कामाला ॲट्रिब्यूट, सॉल्टमध्ये पिलर. तेव्हा मराठीने एकच शब्द धरला तर आपण इंग्रजीपेक्षा बरे.

क्रमाबद्दल मात्र सहमत. अन्सिबलमध्ये कोणती किंमत कोणावर मात करते याची 22 पायऱ्यांची यादी आहे. रोलच्या (कामांच्या तयार संचाच्या) डिफॉल्ट्समधली, म्हणजे आधीच घातलेली, किंमत जवळजवळ तळाला, कमांडवर ‘उणे ई’ लावून दिलेली सगळ्यांच्या वर. इथे मी ‘देणे’पेक्षा ‘लादणे’ म्हणेन. लग्नघरात आजीने शेवटी सांगितलेलं असतं ना, तसं ते.

प्रश्नकर्ता
वाक्य बदललं: ‘मॉड्यूलच्या पॅरामीटरला किंमत द्या, किंवा ती हायरात नोंदवा.’ सहकारी काही बोलला नाही, म्हणजे पटलं असावं. फक्त ‘किंमत’ वाचून एका मुलीने विचारलं, सर्व्हर विकायचाय का? ‘मूल्य’ करू? आणि डिफॉल्टला काय? ‘पूर्वनिर्धारित’ लिहिताना हात दुखतो. ‘मूलभूत’ चालेल?

प्रतिसाद
‘मूल्य’ करा. शाळेत चलाच्या मूल्याला ‘किंमत’ही म्हणायचो, पण बिल समोर असताना ती नको. ‘मूलभूत’ अजिबात नको, त्याचा अर्थ पायाचं. ‘ठराविक’ही नाही. मी ‘आयतं मूल्य’ लिहितो: काही न सांगता मिळतं ते आयतं.

प्रश्नकर्ता
‘आयतं’ आवडलं. टीम लीडला आवडेल असं वाटत नाही. सध्या डिफॉल्टच ठेवतो, कंसात ‘आयतं’ लिहून बघतो.