अलमिया, बूतीका, अफलातून: ग्रीक विद्येचे उर्दू शब्द मराठीत कसे आणावेत?

बोरू
ग्रीक नाटक आणि ॲरिस्टॉटल यांवरचा एक उर्दू समीक्षालेख मराठीत करते आहे. अडले ते बूतीका, अलमिया, तरबिया, रज्मिया आणि ततहीर या शब्दांवर. बूतीका म्हणजे ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि रज्मिया म्हणजे महाकाव्य, एवढं नक्की. अलमियाला मी शोकांतिका लिहिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या एका जाणकारांनी ते खोडून शोकात्मिका केलं. काय ठेवू? शिवाय अरस्तू, अफलातून, सुकरात ही नावं तशीच ठेवावीत की ॲरिस्टॉटल, प्लेटो, सॉक्रेटिस करावीत? मूळ लेखाचा बाज घालवायचा नाही.

नांदेडकर
नावं तशीच ठेवा. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, सगळं शिक्षण उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमातच सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकं उर्दूत आणायला तिथे दारुत्तर्जुमा हे वेगळं खातंच होतं. आजोबा भूमितीला शेवटपर्यंत ‘उकलीदस’ म्हणत. उकलीदस म्हणजे युक्लिड. माणसाचं नावच विषयाला पडलं. घरात कुणी अगोचरपणा केला की ‘मोठा बुकरात लागून गेलास का?’ हे ठरलेलं. बुकरात म्हणजे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना ही नावं परकी नाहीत.

गंगातीर
जुन्या घरांचं ठीक आहे, पण अनुवाद आजच्या वाचकासाठी आहे. मराठीत अफलातून हे आता विशेषण झालंय: अफलातून कल्पना, अफलातून झेल. ‘अफलातून म्हणतो’ असं वाक्य आलं की वाचक ठेचकाळणार. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, ते काही हौसेखातर नव्हे. आपण ते श्रम उलटे फिरवू नयेत.

व्युत्पत्तीवेडा
पण प्लेटो तरी कुठे मूळ ग्रीक आहे? ग्रीक नाव प्लातोन. आपण ते इंग्रजीकडून घेतलं आणि शेवटचा न गमावला. अफलातूनमध्ये तो न शाबूत आहे. ही नावं उर्दूत अरबीतून आली. अरबीत प नाही आणि शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नाही, म्हणून प चा फ झाला आणि पुढे अ बसला. पोएटिक्स, म्हणजे काव्यशास्त्र, यातल्या प चा मात्र ब झाला, म्हणून बूतीका. यूनान, म्हणजे उर्दूतलं ग्रीस, आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आलं, आपला यवनही तिथलाच. म्हणजे ‘ग्रीस’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘यवन’ म्हणणारा निदान त्यांच्यातल्या आयोनियनांच्या स्वतःच्या नावाच्या जास्त जवळ होता!

कोशवाचक
बूतीका नाही, बूतीक़ा. नुक्त्याशिवाय, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाशिवाय, क़ चा क होतो.

गंगातीर
मराठी वर्णमालेत नुक्ता नाही. कलम, किल्ला, कायदा आपण नुक्त्याविनाच पचवले.

कोशवाचक
पचलेला शब्द वेगळा, पाहुणा शब्द वेगळा. आणि भाषाशुद्धीच्या बाजूने बोलताना हेही लक्षात घ्या, की 1925 साली फार्शी-मराठी कोश करणारे माधव ज्युलियन यांनीच 1938 साली भाषाशुद्धि-विवेक लिहिला. एकाच माणसाला दोन्ही कामं महत्त्वाची वाटली.

आता अलमियाबद्दल. जाणकारांची दुरुस्ती माझ्या मते बरोबर आहे. अलम म्हणजे दुःख, तरब म्हणजे हर्ष. अलमिया म्हणजे दुःखाच्या प्रकृतीचं नाटक, ट्रॅजेडी; तरबिया म्हणजे कॉमेडी. शेवटाचा त्यात उल्लेखच नाही. शोकांतिका या शब्दात मात्र ‘अंत’ ठाण मांडून बसलाय. ॲरिस्टॉटलने स्वतः चौदाव्या प्रकरणात ‘इफिगेनिया’ नाटकाचं उदाहरण वाखाणलंय: बहीण भावाचा बळी देणार, तेवढ्यात ओळख पटते आणि अनर्थ टळतो. नाटककार एस्किलसची इ.स.पू. 458 ची ओरेस्तेस-त्रयी तर समेटावर संपते. यांना शोकांतिका कसं म्हणायचं? शोकात्मिका चालतं.

आणि हा सोपा दिसणारा अलमिया उर्दूला आयता मिळालेला नाही. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी काव्यशास्त्र सिरियाक भाषेतून अरबीत आणलं. ग्रीक रंगभूमी त्यांच्या जगात नव्हती. त्यांनी ट्रॅजेडीला मदीह, म्हणजे स्तुतिकाव्य, आणि कॉमेडीला हिजा, म्हणजे निंदाकाव्य, असे शब्द योजले. पुढे इब्न रुश्दसारख्या तत्त्वज्ञाने भाष्य लिहिलं तेही हेच शब्द धरून. मला हे फार हृद्य वाटतं. जे कधी पाहिलंच नाही, त्याला त्यांनी आपल्या ओळखीच्या कवितेत जागा शोधून दिली.

गंगातीर
पटलं नाही. शोकांतिका शब्द वर्तमानपत्रापासून शाळेपर्यंत रुळलाय. ‘गिरणी कामगारांची शोकांतिका’ म्हणताना कुणी अंत शोधत नाही. रुळलेला शब्द उखडू नये.

नांदेडकर
म्हणजे रुळलेला फार्सी शब्द उखडायचा, पण रुळलेला संस्कृत शब्द उखडायचा नाही?

गंगातीर
मराठी वाचकाला जो कळतो तो ठेवायचा, एवढंच म्हणणं आहे.

बोरू
ततहीर राहिलाच. ‘विरेचन’ लिहू ना?

कोशवाचक
इथे थांबा. ततहीर हा ॲरिस्टॉटलच्या ‘काथार्सिस’साठीचा उर्दू शब्द, म्हणजे ट्रॅजेडी पाहून भावनांचं जे शोधन होतं ते. तो तहारतच्या घराण्यातला, म्हणजे नमाजाआधीची वगैरे जी शुद्धी असते ती. विरेचन आयुर्वेदातलं, पंचकर्मांपैकी एक, कोठा साफ करणारं. ग्रीक काथार्सिसमध्ये धार्मिक शुद्धी आणि वैद्यकीय शोधन, दोन्ही अर्थ होते. जर्मन अभ्यासक याकोब बर्नाइस यांनी 1857 मध्ये वैद्यकीय अर्थ हिरिरीने मांडला, तेव्हापासून वाद चालूच आहे. ततहीरने देवघराकडची बाजू धरली, विरेचनाने वैद्याकडची. ततहीरच्या जागी विरेचन घातलंत तर लेखकाची बाजूच बदलेल. मी ‘भावशुद्धी’ लिहीन.

नांदेडकर
विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ 1957 पासून मराठीत आहे. नवा शब्द घडवण्याआधी ते उघडून बघा.

व्युत्पत्तीवेडा
गंगातीर, तुम्ही मघाशी कलम पचवला म्हणालात. कलमही मूळचा ग्रीकच, कालामोस म्हणजे बोरू! तो अरबीत गेला, तिथून इकडे. उर्दूत कागदाला किरतासही म्हणतात, तोही ग्रीक खार्तेसवरून. सरकारी श्वेतपत्रिकेला उर्दूत आजही किरतास-ए-अब्यज म्हणतात. धागा सुरू करणारीचं टोपणनावसुद्धा ग्रीकांच्याच लेखणीचं निघालं.

गंगातीर
कलम संस्कृतातही आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात ‘कलमा इव ते रघुम्’ आहे. उपटून पुन्हा लावलेली भाताची रोपं, ‘उत्खातप्रतिरोपिताः’. आंब्याचं कलम लावतात ते याच अर्थाने. सगळं ग्रीसहून आणायची गरज नाही.

व्युत्पत्तीवेडा
कालिदासाचा कलम भात आहे, लेखणी नव्हे. आणि आंब्याचं कलम फार्सी ‘कलम करणे’ म्हणजे कापणे यावरून. शिरकलम आठवा. फांदी कापतात म्हणून कलम.

गंगातीर
कापतात, पण लावतातही. कोकणात विचारा, ‘कलम लावलं’ म्हणतात, ‘कलम केलं’ नाही.

नांदेडकर
आमच्याकडे ‘कलम बांधलं’ म्हणतात.

बोरू
शोकात्मिका ठेवते आहे. नावांचं काय करू, ते कुणी सांगेल का?

व्युत्पत्तीवेडा
सांगतो, पण आधी हे: कायद्याचं कलम यातल्या कोणत्या कलमावरून?