‘आपली माणसं’ ग्रुप : बदली झाली, घर मिळेना

मीनल: नमस्कार सगळ्यांना. इतके दिवस गप्प बसले, आज लिहितेच. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला हजर व्हायचंय आणि अजून घराचा पत्ता नाही. जे परवडतं तिथे रात्री उतरायची भीती वाटते, जिथे भीती वाटत नाही तिथलं भाडं ऐकून फोन ठेवावा लागतो. माझी ड्युटी रात्री १० ला सुटणार आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. "काळजी करू नका, आम्ही बघतो" असं ज्यांनी म्हटलं होतं, त्यांनी काही बघितलं असेल तर कृपया कळवावं.

कुंदाआत्या: मीनल, हे मला उद्देशून आहे का?

मीनल: नाही आत्या, सगळ्यांनाच.

कुंदाआत्या: मग ठीक. कारण मी एजंटचा नंबर दिला होता. तुम्ही त्याला फोनच केला नाहीत म्हणाला तो.

संदीप: केला होता आत्या. घर दाखवायच्या आधी दोन महिन्यांचं भाडं पाठवा म्हणाला. चावी नंतर.

कुंदाआत्या: त्याच्याकडे रांग असते लोकांची. म्हणून मागत असेल.

शुभाताई: आत्या, रांग असो नाहीतर मोर्चा असो, घर बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. लोक असेच फसतात. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलायचे, भाडं जरा कमी सांगायचं आणि "मी बाहेरगावी आहे, तिघं जण वाट बघतायत" म्हणून घाई करायची. संदीप, त्याला म्हणावं आत्ता व्हिडिओ कॉल कर. नळ सोडून दाखव, खिडकी उघडून खालचा रस्ता दाखव. टाळाटाळ केली की काय ते समजलं.

कुंदाआत्या: म्हणजे मी फसवणाऱ्याचा नंबर दिला?

शुभाताई: असं कुठे म्हटलं मी?

नानाकाका: घरभाडे हे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे. हा नियम सर्वांनी लक्षात ठेवावा. 🙏

अमोल: काका, कुणाच्या उत्पन्नाच्या? घरमालकाच्या? 😄

विजूकाकू: अमोल, मोठ्यांची थट्टा पुरे. मीनल, आम्ही घर बदललं तेव्हा आम्हाला कोणी काही शोधून दिलं नव्हतं. सामानसुद्धा दोघांनीच हलवलं होतं.

कुंदाआत्या: वहिनी, तेव्हा मी आजारी होते.

विजूकाकू: हो. आणि दोन दिवसांनी लग्नाला चांगल्या आला होतात.

कुंदाआत्या: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

अमोल: मी वाचला. 🙈

संदीप: मंडळी, मूळ विषयावर येऊ या का? दोन घरं नजरेत आहेत. पहिलं शहराच्या टोकाला, शेवटच्या बसस्टॉपपाशी. मोठं, हवेशीर, भाडं कमी. दुसरं बाजारपेठेच्या रस्त्यावर. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खोल्या लहान, भाडं जास्त. तिथून मीनलचं हॉस्पिटल पायी दहा मिनिटं.

विजूकाकू: बाजारपेठ नकोच. सगळ्यात जास्त चोऱ्या तिथेच होतात. मी आकडे वाचलेत.

चिनू: काकू, त्या आकड्यांत एक मेख असते. गुन्ह्यांचा दर काढताना भागतात तिथल्या रहिवाशांच्या संख्येने. बाजारपेठेत राहतात थोडे, पण दिवसभरात येऊन जातात हजारो. खिसे कापले जातात त्या येणाऱ्यांचे आणि दर चढतो राहणाऱ्यांच्या नावावर. शिवाय एकूण आकडा बघून काय कळणार? गर्दीत पाकीट मारलं जाणं वेगळं, घर फोडलं जाणं वेगळं आणि रात्री एकट्या बाईला अडवणं वेगळं. वहिनींना तिसऱ्याची काळजी आहे.

अमोल: नगररचनेचं दुसरं वर्ष बोलतंय. टाळ्या. 👏

चिनू: बोलू दे की. उजेडाचंही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहतींत जादा दिवे लावले, काहींत नाही. कुठे लावायचे ते चिठ्ठ्या टाकाव्या तसं ठरवलं होतं. जिथे लावले तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून घर बघायला अंधार पडल्यावरच जा. स्टॉपपासून दारापर्यंत किती दिवे आहेत आणि त्यातले किती चालू आहेत ते बघा.

नानाकाका: वरचा मेसेज पुन्हा पाठवतो, कोणी वाचलेला दिसत नाही. घरभाडे हे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे. हा नियम सर्वांनी लक्षात ठेवावा. 🙏

मीनल: वाचलाय काका. टोकाच्या घराचं भाडं आमच्या दोघांच्या मिळून पगाराच्या २६ टक्के होतं. बाजारपेठेतल्या घराचं ३४.

नानाकाका: मग प्रश्नच मिटला. २६ वाले घ्या.

मीनल: काका, टोकाकडून संदीपचा रोजचा पास आणि रात्री माझी टॅक्सी धरली तर आणखी १३ टक्के जातात. एकूण ३९. बाजारपेठेतून फक्त संदीपच्या पासचे २. एकूण ३६. रोज रात्री वहीत हेच मांडत बसते मी.

शुभाताई: शाब्बास मीनल. स्वस्त घर कोणतं ते असंच ठरतं. रस्त्यात जाणारा वेळ तर यात धरलेलाच नाही.

नानाकाका: नियम हा नियम असतो.

चिनू: काका, हा नियम आला कुठून ते ऐका. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून जास्तीत जास्त किती भाडं घ्यायचं, याची मर्यादा १९६९ च्या कायद्याने घातली. तेव्हा ती उत्पन्नाच्या २५ टक्के होती, १९८१ साली ३० केली. कोणतं घर निवडावं यासाठी तो आकडा काढलेलाच नव्हता. पुढे शिकागोच्या एका संस्थेने घर आणि प्रवास मिळून ४५ टक्के ही मर्यादा धरली, कारण लांबचं घर कागदावर नेहमीच स्वस्त दिसतं.

नानाकाका: अभ्यास चांगला आहे. पण ३० लक्षात ठेवावे.

विजूकाकू: अहो, पुरे आता.

*अमोलने ग्रुपचं नाव बदलून ‘३० टक्के’ केलं*

*शुभाताईने ग्रुपचं नाव बदलून ‘आपली माणसं’ केलं*

शुभाताई: अमोल, इथे एक बाई रात्री घरी कशी पोचायची या काळजीत आहे. जरा दम धर.

अमोल: सॉरी वहिनी.

मीनल: असू दे रे.

कुंदाआत्या: पण टोकाची वसाहत दिसायला किती छान आहे! फोटो बघितले मी. मोकळं, शांत.

मीनल: आत्या, मी जाऊन आले. तळमजल्याच्या प्रत्येक दारात सिमेंटचा गुडघाभर उंच उंबरठा बांधलाय, लहान मुलांना उचलूनच पलीकडे ठेवावं लागतं. एजंट म्हणाला धूळ येते म्हणून. जिन्याखाली गेले तर विजेचे मीटर खांद्याच्या वर सरकवून बसवलेले, जुन्या जागी नुसती भोकं. आणि भिंतीवर तपकिरी रेघ, सगळीकडे एकाच उंचीवर. धुळीसाठी कोणी मीटर वर नेत नाही.

शुभाताई: पाणी भरतं तिथे. विषय संपला.

संदीप: आपलं घर वरच्या मजल्यावर आहे पण.

शुभाताई: घर वर आहे, रस्ता खालीच आहे ना? पाणी भरल्यावर ती रात्री येणार कशी? आणि शांत म्हणजे सुरक्षित नव्हे, आत्या. दहा ठिकाणी राहिलेली बाई म्हणून सांगते, शेवटची बस यायच्या वेळी स्टॉपवर जाऊन उभं राहायचं. उतरलेल्या बायका बोलत, रेंगाळत चालल्यात की पर्स छातीशी धरून झपझप सुटल्यात, ते बघायचं. एजंट, घरमालक, जाहिरात कोणी सांगणार नाही ते तिथे दिसतं. आणि रात्रपाळीच्या दोनतीन जणींना सरळ विचारायचं, तुम्ही कोणत्या गल्लीने जाता आणि कोणती टाळता. खरं सांगतात बायका.

मीनल: बाजारपेठेत विचारलं ताई. औषधाचं दुकान बाराला बंद होतं. समोरच्या इमारतीतल्या दोघी माझ्याच हॉस्पिटलात आहेत, एकत्र येऊ या म्हणाल्या. मागची गल्ली टाळ, पुढूनच ये, हेही त्यांनीच सांगितलं.

विजूकाकू: हे आधी सांगायचंस ना. आवाज फार असेल पण. मुलाची झोप?

संदीप: झोपायची खोली मागच्या बाजूला आहे काकू. एका भिंतीवर मात्र रंगाचा नवा पट्टा दिसला, बाकी भिंती जुन्याच.

शुभाताई: ओल लपवली असणार. हात लावून बघ, गार लागते का. वरच्या मजल्यावर त्याच जागी नळ आहे का विचार. गळती बंद करून देणार असेल तर तसं करारात लिहून घे, तोंडी नको. आणि करारावर सही करणारा माणूस खरंच मालक आहे ना, ते कागदपत्रांवरच्या नावाशी ताडून बघ. राहायला जाण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठव, म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद नको. पहिल्याच दिवशी कुलूप बदल. जुन्या भाडेकरूंच्या चाव्या कुणाकुणाकडे असतील, देव जाणे.

नानाकाका: शुभप्रभात 🌹

अमोल: काका, रात्रीचे पावणेदहा वाजलेत.

नानाकाका: चुकून गेला.

कुंदाआत्या: त्या एजंटला मी आत्ता फोन केला. व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर ठेवूनच दिला त्याने. परत उचलत नाहीये.

शुभाताई: आत्या 🙏

कुंदाआत्या: नंबर काढून टाकते. संदीप, गुरुवारी तुम्ही घर बघायला जाल तेव्हा मुलाला माझ्याकडे सोडा. रात्री उशीर झाला तरी चालेल.

विजूकाकू: मीही येईन कुंदाताई. दोघी असलो की बरं.

कुंदाआत्या: या वहिनी.

मीनल: थँक्यू आत्या, काकू. गुरुवारी दहाला मी हॉस्पिटलपासून घरापर्यंत चालून बघणार आहे. संदीप मागून येईल, बरोबर नाही. मला एकटीला कसं वाटतं ते कळायला हवं. भिंतीचं नीट जमलं तर त्याच रात्री हो म्हणू.

नानाकाका: ३४ टक्के होत आहेत याची नोंद घ्यावी. तरी घ्या. डिपॉझिटला काही कमी पडले तर मला फोन करणे, ग्रुपवर नको.

संदीप: काका 🙏🙏

अमोल: दादा, जिना अरुंद असेल तर ते मोठं कपाट वर चढणार नाही. आम्ही नेऊ का?

संदीप: आधी जिना मोजू दे.

विजूकाकू: ते कपाट सासूबाईंचं आहे. मला विचारल्याशिवाय कुणी नेऊ नये.